नाव गाळलं म्हणून माणूस झाकला जात नाही

एक वाक्य घेऊ. ते मी या लेखासाठी रचलं आहे, त्यातली बाई खरी नाही. पण डॉक्टरांच्या लेखांत आणि दिवाळी अंकांतल्या अनुभवकथनांत या घाटणीची वाक्यं सर्रास सापडतात. ‘गेल्या पावसाळ्यात डोळखांबच्या बाजूच्या एका कातकरी वाडीतून, वीटभट्टीवरून नुकतीच परतलेली एकोणीस वर्षांची बाई आमच्याकडे आली. तिसऱ्यांदा तिचं मूल पोटातच गेलं होतं.’ बाईचं नाव नाही, वाडीचं नाव नाही, फोटो नाही. लिहिणाऱ्याच्या मनात तिच्याबद्दल कळकळच आहे. आता हेच वाक्य शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या नाक्यावर वाचलं जातंय असं समजा. कातकरी वाड्या लहान असतात. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेली आणि पावसाच्या तोंडावर परतलेली कुटुंबं कोणती, हे वाडीला ठाऊक असतं, उचल देणाऱ्या मुकादमाला ठाऊक असतं, उधारीवर तांदूळ देणाऱ्या दुकानदारालाही ठाऊक असतं. त्या घरांत एकोणीस वर्षांच्या बाया किती? त्यातली आधी दोनदा मूल गमावलेली कोण? उत्तर एकच उरतं. नाव छापायची गरजच राहिली नाही.

डॉक्टरांनी आपल्या कामाबद्दल जाहीर लिहावं का, लिहिताना रुग्णाचं खासगीपण कसं राखावं, या प्रश्नावर आपल्याकडची चर्चा बहुतेक वेळा शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना समोर ठेवून होते. तिथे नाव गाळलं की काम भागतं, कारण माणूस लाखांच्या गर्दीत मिसळून जातो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडमध्ये तसं होत नाही. शहापूर तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख १४ हजार होती आणि मुरबाडची सुमारे १ लाख ९० हजार. आकडे लहान नाहीत. पण इथली माणसं पाड्या-वाड्यांत विखुरलेली आहेत आणि प्रत्येक पाड्याला दुसऱ्या पाड्याची खडान्‌खडा माहिती असते. कसारा, किन्हवली, टोकावडे, धसई या भागांत प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला लिहिताना वेगळा हिशोब करावा लागतो, तो यामुळे.

नियम मात्र शहराच्या हिशोबाने लिहिलेला आहे. भारतीय वैद्यक परिषदेचे व्यावसायिक वर्तणुकीचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. त्यातलं ७.१४ हे कलम सांगतं की व्यवसाय करताना कळलेली रुग्णाची गुपितं डॉक्टरने फोडू नयेत. अपवाद न्यायालयाचा आदेश, कुणा विशिष्ट माणसाला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणं बंधनकारक असलेले रोग, एवढ्यांचाच. ७.१७ हे कलम लिहिण्याबद्दलचं आहे. ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो किंवा केसची हकीकत परवानगीशिवाय छापू नये, पण ओळख उघड होणार नसेल तर परवानगीची गरज नाही, असं ते सांगतं. गोम इथेच आहे. ओळख उघड होणार नाही, हे ठरवायचं कुणी? नियमाने तो निर्णय लिहिणाऱ्या डॉक्टरवर सोडला आहे. आणि डॉक्टर बहुधा राहतो कल्याणला, बदलापूरला किंवा तालुक्याच्या बाजारपेठेत. वाडीत काय ओळखू येतं आणि काय नाही, याचा अंदाज त्याला वाडीतल्या माणसाइतका येऊच शकत नाही.

परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले. समाजमाध्यमांवर रुग्णाच्या उपचारांची चर्चा करू नये, रुग्णाचे फोटो किंवा स्कॅनच्या प्रतिमा टाकू नयेत, अशा स्पष्ट सूचना त्यांत होत्या. तीन आठवड्यांतच, २३ ऑगस्टला, त्या नियमांना स्थगिती मिळाली आणि गाडी पुन्हा २००२ वर आली. मधल्या काळात प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला आहे, याची त्या जुन्या नियमांना कल्पनाही नव्हती.

मग डॉक्टरांनी लिहूच नये का? माझं उत्तर ठाम आहे: लिहिलंच पाहिजे. मराठीत डॉक्टर लिहीत आले म्हणून कितीतरी गोष्टी उजेडात आल्या. डॉ. अरुण लिमये यांच्या ‘क्लोरोफॉर्म’ने वैद्यकीय व्यवसायातली कीड घराघरांत चर्चेला आणली. डॉ. अरुण गद्रे यांनी लासलगावला वीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं आणि पुढे डॉ. अभय शुक्ल यांच्यासोबत ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन कट प्रॅक्टिस, अनावश्यक तपासण्या, औषध कंपन्यांचा दबाव यांबद्दल डॉक्टरांनाच बोलतं केलं. ‘कैफियत प्रामाणिक डॉक्टरांची’ या नावाने ते मराठीत आलं. डॉ. रवी बापटांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ आणि डॉ. वि. ना. श्रीखंडे यांचं ‘...आणि दोन हात’ वाचून सामान्य वाचकाला शस्त्रक्रियागृहाच्या दाराआड काय चालतं ते कळलं. २००२ चे नियमही डॉक्टरला सार्वजनिक आरोग्याच्या विषयांवर स्वतःच्या नावाने वर्तमानपत्रांत लिहायला मोकळीक देतात. जाहिरात तेवढी होऊ नये, एवढीच अट आहे.

या सगळ्यांत शहापूर-मुरबाडला सर्वांत जवळचं उदाहरण मला डॉ. हिंमतराव बावस्करांचं वाटतं. कोकणातल्या महाड-बिरवाडीत त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र बसून पाहिले, प्राझोसिन हे साधं औषध वापरून माणसं वाचवली आणि ते निष्कर्ष १९८२ आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. त्यांनी लिहिलं नसतं तर हा इलाज एका तालुक्यापुरताच राहिला असता. मुरबाडच्या भातशेतीत विंचू चावलेल्या माणसालाही त्या लिखाणाचा फायदा मिळतो. पण इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. विंचू चावल्याची कुणाला लाज वाटत नाही. साप चावून वाचलेला माणूस स्वतःच चारचौघांत ती कथा रंगवून सांगतो. क्षय, एचआयव्ही, सिकलसेल, अंगावरून जाणं, लग्नाआधीचं गरोदरपण, वेड लागणं, औषध पिऊन जीव द्यायचा प्रयत्न करणं हे वेगळं. यातली एक गोष्ट फुटली तर पोरीची सोयरीक मोडते, सुनेला माहेरी धाडलं जातं. एकाच डॉक्टरच्या एकाच दिवसाच्या केसपेपरांत दोन्ही प्रकारची गुपितं असतात आणि त्यांना एकच माप लावून चालत नाही.

सापाच्या दंशाचाच फोटो घ्या. चेहरा नाही, फक्त सुजलेला हात. यात ओळखू येण्यासारखं काय, असं डॉक्टरला वाटतं. पण ठाकर-कातकरी बायांच्या हातांवर गोंदण असतं, कधी स्वतःचं नाव, कधी भावाचं. एक्स-रेच्या फिल्मच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव आणि तारीख छापलेली असते, सोनोग्राफीच्या कागदावरही असते. डोळ्यांवर काळी पट्टी ओढल्याने माणूस ओळखू येत नाही ही समजूतही जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी केव्हाच मोडीत काढली आहे. तरीही आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ती पट्टी अजून दिसते.

खासगीपण दवाखान्याच्या आतच किती उरलेलं असतं, हेही पाहायला हवं. ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत टेबलाभोवती पाच-सहा जण उभे असतात. ‘पाळी कधी आली होती?’ हा प्रश्न आणि त्याचं उत्तर सगळ्यांना ऐकू जातं. टोकावड्याहून कल्याणला पेशंट पाठवताना केसपेपरचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो. त्याने जीव वाचतात, तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण तोच फोटो पुढे कुठे गेला, हे कुणी विचारत नाही. २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. बाधितांच्या नावांच्या याद्या त्या वर्षी फोनाफोनी फिरल्या. खासगीपणाची सवयच नसलेल्या व्यवस्थेत डॉक्टर लिहायला बसतो आणि तीच बेफिकिरी त्याच्या लिखाणातही उतरते.

क्षयरोगाचं उदाहरण तर दर महिन्याला डोळ्यांसमोर घडतं. २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. २०२२ मध्ये ‘निक्षय मित्र’ योजना आली. दात्यांनी रुग्णांना पोषण आहाराच्या टोपल्या द्याव्यात, त्यासाठी रुग्णाची संमती घ्यावी, असं ठरलं. टोपली द्यायला पाहुणे येतात, फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी तो स्थानिक पानावर छापून येतो: हसणारे पाहुणे आणि मान खाली घातलेला रुग्ण. टोपलीला ‘हो’ म्हणणं म्हणजे फोटोलाही ‘हो’ म्हणणं नव्हे. आणि ज्याच्या घरात कमावता माणूस खोकून खोकून खाटेला खिळलाय, तो शेंगदाणे-डाळ देणाऱ्याला ‘फोटो नको’ कसं म्हणणार?

अशीच गत झोळीची. पावसाळ्यात शहापूरच्या डोंगराळ पाड्यांतून बाळंतपणासाठी बाईला झोळीत घालून आणल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. ज्या तालुक्यातल्या भातसा, तानसा धरणांचं पाणी मुंबई पिते, तिथल्या पाड्याला रस्ता नाही, हे सांगितलंच पाहिजे. हजारदा सांगितलं पाहिजे. पण व्हिडिओत वेदनेने पिळवटलेला बाईचा चेहरा दिसतो, नाव येतं, वय येतं, पाडा येतो, कधीकधी मूल दगावल्याचंही येतं. रस्ता नसल्याचा पुरावा म्हणजे झोळी, चिखल आणि दुथडी भरलेला नाला. तिचा चेहरा नव्हे. डॉक्टर स्वतः हे चित्रण करत नाहीत, पण पत्रकारांना तपशील बहुधा रुग्णालयातूनच मिळतात.

कायदे विखुरलेले आहेत, तरी धाक असलेले आहेत. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रुग्णाची एचआयव्हीची बाब उघड केल्याबद्दल रुग्णालयाला दोषी धरलं नाही, कारण त्याच्या नियोजित वधूच्या जिवाचा प्रश्न होता. २०१७ मध्ये मात्र पुट्टस्वामी निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि त्याच वर्षीच्या एचआयव्ही कायद्याने व मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती उघड करण्यावर कडक बंधनं घातली. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने बाईचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक झालं.

शहापूर-मुरबाडच्या डॉक्टरची खरी कोंडी होते ती अठराच्या आतल्या मुलीपाशी. आदिवासी वाड्यांत लग्नं लवकर होतात. सतरा वर्षांची मुलगी नवऱ्याबरोबर बाळंतपणाला येते. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरने पोलिसांना कळवायलाच हवं, नाही कळवलं तर गुन्हा. कळवलं तर नवरा तुरुंगात जाऊ शकतो आणि पुढच्या खेपेला ते घर दवाखान्याकडे फिरकतच नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीपुरती वाट काढली: मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख देण्याची गरज नाही. बाळंतपणाचा प्रश्न तसाच राहिला. ही कोंडी लोकांपुढे मांडायला डॉक्टरइतकं योग्य कुणी नाही. पण त्याने ती एका मुलीच्या गोष्टीतून मांडली, तर तो लेखच एखाद्या घराविरुद्धचा पुरावा होऊन बसेल. इथे गोष्ट सांगूच नये. आकडे द्यावेत, कायद्याची कलमं मांडावीत, स्वतःची घालमेल लिहावी.

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. रुग्णाचं खासगीपण ही ढाल अनेकदा रुग्णासाठी उचललीच जात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ग्रामीण ठाण्यातून ‘रेफर’ झालेला माणूस ज्या मोजक्या सरकारी दारांशी पोहोचतो, त्यातलं ते एक. अशा वेळी आतल्या डॉक्टरांनी लिहिलं तर खाटा किती, डॉक्टर किती, पेशंट किती उशिरा आला, का उशिरा आला हे कळेल. पण सरकारी डॉक्टरला महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ आडवे येतात. शासनाच्या धोरणावर टीका करता येत नाही. जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांवरही तीच बंधनं नव्याने बजावली गेली. कंत्राटी डॉक्टरच्या डोक्यावर तर नेमणूक पुढे चालू ठेवण्याची टांगती तलवार असते. त्यात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारं कलम अधिक रुंद केलं. उपकेंद्राला कुलूप होतं, सर्पदंशावरचं प्रतिविष संपलं होतं, ॲम्ब्युलन्सला डिझेल नव्हतं, यात रुग्णाचं कुठलं गुपित आलं? गुपित रुग्णाचं असतं. यंत्रणेला गुपित ठेवायचा हक्क नाही. ही रेघ स्पष्ट ओढली तर डॉक्टरच्या हातात लिहायला कितीतरी उरतं.

खासगी डॉक्टरची वेगळी पंचाईत. उपचारात हयगय झाली अशी बातमी येते, नातेवाईक नाक्यावर फलक लावतात, आणि डॉक्टरला वाटतं की आपण सगळी फाइल जगासमोर उघडून ठेवावी. त्याचा संताप मला समजतो. तरीही त्याने ती उघडू नये. उत्तर द्यायची जागा वैद्यक परिषद, ग्राहक आयोग किंवा न्यायालय; तिथे कागद दाखवायची मुभा आहे. रुग्णाने आपली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून डॉक्टरला तिचा उरलेला भाग सांगायचा परवाना मिळत नाही.

रुग्णाने स्वतः सांगणं आणि डॉक्टरने त्याच्याबद्दल सांगणं यातला फरक आपल्याकडे जनसुनवाईंत दिसला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होतं. तिथे बाया माईक हातात घेऊन आपली कैफियत अधिकाऱ्यांपुढे मांडत. किती सांगायचं, कुठे थांबायचं, हे त्यांच्या हातात असे. डॉक्टरच्या लेखात तो लगाम डॉक्टरकडे जातो.

लगाम बाईकडे परत कसा द्यायचा? सही किंवा अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे. ज्याच्या हातात सलाइनची सुई आहे त्याला ‘नाही’ म्हणणं वाडीतल्या माणसाला जमत नाही. म्हणून संमती उपचार संपल्यावर मागावी, काही आठवड्यांनी, आणि डॉक्टरने स्वतः न मागता बाईचा जिच्यावर विश्वास आहे अशा आशाताईने किंवा दुसऱ्या कुणी मागावी. लेख तिला तिच्या बोलीत वाचून दाखवावा. सासूसमोर नव्हे. कुठे छापून येणार, कोण वाचणार, हे सांगावं, आणि छापायच्या आदल्या दिवसापर्यंत तिने मन बदललं तर तो भाग काढून टाकावा. यात वेळ जातो, हे खरं. पण पूर्वीचे डॉक्टर लिहीत तेव्हा त्यांचा रुग्ण ते कधीच वाचणार नाही, असं गृहीत धरलेलं असे. आज वाडीतली पोर आश्रमशाळेत दहावी करते आणि घरात एक फोन असतो. आपल्या आईबद्दल डॉक्टरने काय लिहिलंय, ते ती वाचणार आहे.

तपशील बदलून लिहावं, हा दुसरा मार्ग. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी ‘अवेकनिंग्ज’मध्ये रुग्णांचीच नव्हे, रुग्णालयाचीही नावं बदलली. आपल्याकडे हा मार्ग जपून वापरावा लागतो. कातकरी बाईची गोष्ट ठाकरवाडीत नेऊन ठेवली तर ठाकरवाडीवर आळ येतो. शिवाय ‘कातकरी लोक दारू पितात, पोरांकडे पाहत नाहीत’ असल्या एका ओळीने कुणा एकाबद्दल नव्हे, अख्ख्या जमातीबद्दल खोटं पसरतं. जिथे जमातीचा उल्लेख आजाराशी थेट जोडलेला नसेल, तिथे तो गाळावा. तिसरा मार्ग स्वतःबद्दल, स्वतःच्या घरच्यांबद्दल लिहिण्याचा. विदर्भातल्या उटी गावच्या गावंडे घराण्यातले अतुल गावंडे अमेरिकेत शल्यविशारद झाले. ‘बीइंग मॉर्टल’मध्ये त्यांनी आपल्याच वडिलांचं आजारपण बारकाईने मांडलं. डॉ. अभय बंगांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’मध्ये स्वतःचंच हृदय वाचकांपुढे ठेवलं. वाईचे डॉ. शंतनु अभ्यंकर आपल्या कर्करोगाबद्दल मोकळेपणाने लिहीत राहिले. स्वतःच्या घरचं उघडं करून लिहिणाऱ्या या डॉक्टरांचं लेखन सर्वांत खोल उतरलं, हा मला योगायोग वाटत नाही.

एकट्यादुकट्या रुग्णाला न दुखावता मोठं सत्य सांगता येतं, याचा धडाही मराठी मुलखातच आहे. बंग दांपत्याने गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग असल्याचं १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. एकाही बाईचं नाव नव्हतं, आणि जगाला ग्रामीण स्त्रीच्या दुखण्याकडे पाहावं लागलं. इंग्लंडमध्ये १९५२ पासून मातामृत्यूंची गोपनीय चौकशी होते. केरळात स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००४ पासून ती सुरू केली. आई कोण, रुग्णालय कोणतं, हे झाकलेलं राहतं; चूक कुठे झाली, ते सगळ्यांना वाचायला मिळतं.

असा अहवाल आपल्या भागाचा निघू शकतो. एकट्या शहापूरचा काढला तर बाई लगेच ओळखू येईल. म्हणून शहापूर, मुरबाड आणि शेजारचे वाडा, विक्रमगड, जव्हार, मोखाडा एकत्र घ्यावेत आणि पाच वर्षांचे मृत्यू एकत्र मांडावेत. प्रत्येक मृत्यूत उशीर कुठे झाला, घरातून निघताना, वाटेत की दवाखान्यात पोहोचल्यावर, एवढंच शोधावं. हे काम इथे वीस-वीस वर्षं काढलेल्या डॉक्टरांनीच हातात घ्यायला हवं. केसपेपर त्यांच्याकडे आहेत, नोंदवह्या उपकेंद्रांत आहेत, आणि कोणत्या नाल्यापाशी गाडी किती वेळ थांबली हे ‘१०८’ ॲम्ब्युलन्सच्या चालकांना तोंडपाठ आहे.